पावणेसहाच्या आत

विदरकोम्ब, डेव्हन
९ एप्रिल १८७७

प्रिय हंफ्री,

तुझं पत्र मिळालं. तीन पानं. त्यातली दोन थेम्सच्या वासावर, अर्धं तुझ्या कंबरेच्या दुखण्यावर, आणि उरलेल्या अर्ध्यात पार्लमेंट. तुला निवडून देणाऱ्या लोकांनी हे वाचलं असतं तर काय म्हणाले असते कोण जाणे.

परवा कपाट झाडताना वादविवादाचे ते जाडजूड छापील खंड खाली काढले. म्हटलं, आपला भाऊ नऊ वर्षं खासदार आहे, तो काय काय बोलला ते एकदा एका बैठकीत वाचून काढू. चहा गार व्हायच्या आत वाचून झालं. १८६९ साली ‘मि. गॅस्कॉइन यांनी खिडकी बंद करण्याची विनंती केली.’ १८७१ साली ‘मि. गॅस्कॉइन यांनी विदरकोम्बच्या पुलाविषयी प्रश्न विचारला.’ उत्तर आलं, नाही. १८७४ साली ‘मि. गॅस्कॉइन यांचे म्हणणे वार्ताहरांच्या गॅलरीत ऐकू आले नाही.’ संपलं! बाकी ठिकाणी तुझं नाव फक्त मतदानाच्या यादीत.

आता एक काम सांगते, आणि ते तू करायचंच आहेस. दोन मेच्या बुधवारी ते विधेयक येतंय, बायको वारलेल्या माणसाला तिच्या बहिणीशी लग्न करायची मुभा देणारं. आज त्याने मोलकरणीशी लग्न केलं चालतं, सर्कशीतल्या बाईशी केलं चालतं, पण मेहुणीशी केलं तर कायदा म्हणतो हे लग्नच नव्हे. का, ते मला आजवर कोणीही धड सांगू शकलेलं नाही. तू त्याच्या बाजूने बोलावंस. माझ्या ओळखीची एक बाई आहे, तिचं सगळं यावर अडकून पडलंय.

आमचं इथलं ठीक. जूनमध्ये आपल्या ॲडीला जाऊन सहा वर्षं होतील. तिची पोरं सांभाळायला म्हणून मी तीन महिन्यांसाठी आले होते, आठवतं ना? धाकटी मेबल आता शिवायला शिकतेय. ॲडीच्या यजमानांना, मि. ट्रेमलेटना, दोरखंडाच्या कारखान्यातून श्वास घ्यायला फुरसत नाही. त्यांच्या आई जानेवारीत गेल्यापासून घर मात्र फार शांत झालंय.

तुझी,
लव्ही

*

लंडन
१४ एप्रिल

प्रिय लव्ही,

तुझी चेष्टा मी मनाला लावून घेत नाही. पार्लमेंटात न बोलणं हेही काम असतं, ते बाहेरच्यांना दिसत नाही. आणि ती खिडकी बंद केली नसती तर त्या दिवशी अर्धा पक्ष आजारी पडला असता.

विधेयकाचं मी मनावर घेतलंय. मांडणारे मि. चडली काल चहाच्या खोलीत भेटले. मी बोलू इच्छितो म्हटल्यावर त्यांच्या हातातला पाव हातातच राहिला. दहा मिनिटं द्यायला कबूल झालेत.

बुधवारचं एक गणित असतं, ते तुला समजावून सांगतो, कारण बायकांना ते माहीत असण्याचं कारण नाही. बुधवारी घड्याळात पावणेसहा वाजले की सभापती उभे राहतात. बोलणारा वाक्याच्या मध्यात असला तरी त्याने खाली बसायचं. तोपर्यंत मतदान झालेलं नसेल तर विधेयक रांगेच्या शेवटी जातं, म्हणजे त्या वर्षापुरतं मेलंच. म्हणून विरोधक मुद्दाम लांबण लावतात आणि मतदानाची वेळच येऊ देत नाहीत. विधेयक बोलून मारणं म्हणतात याला. नवखी पोरं फसतात यात. मी नऊ वर्षं तिथे बसतोय.

आणि तुझी ती ‘ओळखीची बाई’ मी बरोबर ओळखली हं! मिस पॉमफ्रेट, पियानो शिकवणारी. तिचा तो औषधवाला मेहुणा विधुर झालाय. माझ्यापासून काय लपवतेस?

तुझ्याबद्दल एक सांगायचं होतं. ट्रेमलेटच्या आई होत्या तोवर ठीक होतं. आता त्या घरात तू एकटी बाईमाणूस, हे बरं दिसत नाही. सोफ्रोनिया आत्या बाथमध्ये एकटी आहे, तिला सोबत हवीय. हवा चांगली, घर कोरडं, मांजरं तेवढी सात. विचार कर.

तुझा,
हंफ्री

*

विदरकोम्ब
१९ एप्रिल

प्रिय हंफ्री,

मिस पॉमफ्रेटचं वय एकसष्ट आहे आणि त्या औषधवाल्याला ती अंगणातसुद्धा उभं करत नाही. तुझी हुशारी तुझ्यापाशीच राहू दे.

बाथचं पुन्हा नाव काढू नकोस. आत्याची सात मांजरं तिला लखलाभ. कालच चर्चचे रेक्टर लसकोम येऊन गेले, तेही हेच सांगायला. बैठकीत बसून आमचा सगळा केक संपवला आणि मग मि. ट्रेमलेटना म्हणतात, घरात अविवाहित मेहुणी ठेवणं शोभत नाही, सप्टेंबरअखेर तिची दुसरीकडे सोय करा, नाहीतर मला चर्चमध्ये प्रवचनात सगळ्यांसमोर बोलावं लागेल. आणि मुलं? मुलांसाठी हाउसकीपर ठेवा म्हणे! सहा वर्षं गोवर, दात, खोकला मी काढला, आणि आता हाउसकीपर. माझा इतका संताप झाला की मी उठून गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत बसले. ते आधीच घातलेलं होतं.

तू त्या बुधवारी सांगायचं ते एवढंच. मुलांना मावशी आहे. बापाची हरकत नाही, मुलांची हरकत नाही, मग कायद्याच्या पोटात का दुखतं? बस. हे सांगायला पाच मिनिटं पुरतात. तुला दहा दिलीत. अकरावं घेऊ नकोस. लॅटिन नको. बायबलातला मोझेस कायदे आणायला डोंगरावर गेला होता ते नको. विदरकोम्बचा पूल तर मुळीच नको.

हंफ्री, मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही. हे मागतेय.

लव्ही

*

लंडन
३ मे

माझी लाडकी लव्ही,

जिंकलं! काय दिवस होता कालचा! अजून झोप नाही, अक्षर वेडंवाकडं आलं तर समजून घे.

पाच वाजून पाच मिनिटांनी सभापतींनी माझं नाव घेतलं. चष्मा काढून खिशात ठेवला, कारण चष्म्यात मी शाळामास्तर दिसतो असं मागे कोणीतरी म्हणालं होतं. पहिली पाच मिनिटं तू सांगितलंस तेच बोललो, शब्दन् शब्द. आणि मग काय झालं माहीत आहे? समोरच्या बाकांवरून ‘ऐका! ऐका!’ सुरू झालं. समोरच्या, लव्ही! विरोधकांच्या! सर पेरेग्रीन वॉलग्रेव्ह, या विधेयकाचा हाडवैरी, गेली चार वर्षं त्याच्या विरोधात उभा राहणारा, तो स्वतः गुडघ्यावर हात मारून ओरडत होता, ‘बोला! आणखी बोला!’ त्याच्या मागचे वीसजण पण. मी एकदा थांबून बसू का म्हणून पाहिलं, तर ते अगदी कळवळून ‘नको, नको!’ म्हणाले. नऊ वर्षांत माझ्याशी असं कोणी बोललेलं नाही.

चडली मात्र मत्सराने पेटला होता. मागून माझ्या कोटाची शेपटी धरून ओढायला लागला. एकदा, दोनदा, शेवटी शिवणच उसवली. मी वळलोही नाही. स्वतःचं विधेयक, आणि दुसऱ्याचं कौतुक झालेलं बघवत नाही माणसाला!

मी ग्रीकांवर बोललो, मोझेसवर बोललो (थोडंच), आणि मग मला तू सुचलीस. तो भाग उत्तम झाला असं सगळे म्हणतात. मी म्हणालो, ‘सभापती महाराज, विरोधकांना भीती वाटते की हा कायदा झाला तर प्रत्येक मेहुणी लग्नाची स्वप्नं पाहील. मी त्यांना माझ्या स्वतःच्या बहिणीचं उदाहरण देतो. सहा वर्षं ती माझ्या दिवंगत बहिणीच्या घरात तिच्या मुलांची सेवा करते आहे. तिच्या निर्मळ मनाला असला विचार कधी शिवलाही नाही आणि शिवणारही नाही!’ तुझ्यावर मी चांगली वीस मिनिटं बोललो. तुझा तो निळा एप्रन, तू मुलांच्या उशाशी बसतेस ते, सगळं. एकदोघांनी रुमाल काढले.

मग सभापती उभे राहिले आणि मी खाली बसलो. समोरच्या बाकांनी असा काही जल्लोष केला की छत खाली येईल असं वाटलं.

विधेयकाचं म्हणशील तर मतदानाला वेळ उरला नाही. पावणेसहा जरा लवकरच वाजले. यंदा आता बुधवार मिळत नाही, पुढल्या वर्षी पाहू. चडली अजून माझ्याशी बोलत नाही. पण आजच्या वर्तमानपत्रात साडेसहा रकाने आलेत! बरोबर पाठवलंय. मिस पॉमफ्रेटला (किंवा जी कोणी असेल तिला) नक्की दाखव.

तुझा,
हंफ्री

*

विदरकोम्ब
७ मे

हंफ्री,

तीन दिवस मी तुला पत्र लिहायला बसतेय आणि तीन दिवस फाडतेय. हे फाडणार नाही.

अरे गाढवा, ते तुझं कौतुक करत नव्हते! तुला बोलतं ठेवत होते! त्यांना एरवी स्वतः घसा फोडावा लागतो, यावेळी तू त्यांचं काम आयतं करून दिलंस. ‘नवखी पोरं फसतात, मी नऊ वर्षं तिथे बसतोय.’ तुझंच पत्र आहे माझ्यासमोर. चडली तुझा कोट ओढत होता तो मत्सराने नाही, त्याचं विधेयक त्याच्या डोळ्यांदेखत मरत होतं म्हणून! आणि चष्मा काढून ठेवलास! घड्याळ दिसू नये म्हणून स्वतःच्या हाताने काढून ठेवलास!

आता इथली कथा ऐक. तुझे साडेसहा रकाने तुझ्या पाकिटाच्या आधी गावात पोहोचले. शनिवारी चर्चच्या शिवणवर्गात रेक्टरच्या बायकोने ते उभं राहून वाचले. सगळे. निळ्या एप्रनसकट. मी समोर बसले होते, हातात सुई. ‘निर्मळ मनाला असला विचार कधी शिवलाही नाही’ इथे आल्यावर तिने वाचन थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘किती छान हो, मिस गॅस्कॉइन.’ सगळ्या बायकांनी मान डोलावली. मी बोटात सुई खुपसून घेतली आणि त्या निमित्ताने बाहेर पडले.

जोसायांनी (मि. ट्रेमलेट म्हणणं आता पुरे) ते त्या दिवशी सकाळी न्याहारीला वाचलं. पेपरची नीट घडी घातली, अंडं तसंच टाकलं आणि कारखान्यात निघून गेले. जाताना एवढंच म्हणाले, ‘तुझ्या भावाला काहीच सांगितलं नव्हतंस?’

नव्हतं सांगितलं. आता सांगते. ती ओळखीची बाई मी आहे. नाताळात जोसायांनी मला विचारलं आणि मी हो म्हटलं. त्यांच्या आई तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या, त्यांनीच आमचे हात एकमेकांच्या हातात दिले. माझ्या निर्मळ मनाला हा विचार चार वर्षं रोज शिवतोय. रोज, हंफ्री. सकाळी उठल्यापासून.

काल रेक्टर पुन्हा आले. म्हणाले, ‘खुद्द तुमच्या बंधूंनीच पार्लमेंटात ग्वाही दिली आहे, तेव्हा घर सोडायला तुम्हाला जड जाऊ नये.’

लव्हिनिया

*

लंडन
९ मे

लव्ही,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. आज सभागृहात गेलो नाही. लॉबीत वॉलग्रेव्हने काल माझी पाठ थोपटली होती, ती जागा अजून जळतेय.

तू मला का नाही सांगितलंस? सांगितलं असतंस तर मी पाच मिनिटांत बसलो असतो. पाच कशाला, दोनच.

मी एक उपाय काढलाय. उद्याच उभा राहून खुलासा करतो की माझ्या बहिणीच्या मनाविषयी मी जे विधान केलं ते चुकीच्या माहितीवर आधारलेलं होतं. नाहीतर वर्तमानपत्राला पत्र लिहितो. कोणतं बरं, तेवढं तारेने कळव.

हंफ्री

*

विदरकोम्ब
११ मे

हंफ्री,

तार केली आहेच, ‘दोन्ही नको’ म्हणून. पुन्हा लिहिते, म्हणजे शंका नको: तू उभा राहायचं नाहीस. खुलासा करायचा नाहीस. कोणत्याही वर्तमानपत्राला, कोणत्याही कारणाने, एक ओळसुद्धा लिहायची नाहीस. देवाशपथ, तू माझ्या मदतीला यायला लागलास की मला सामान बांधावंसं वाटतं.

का सांगितलं नाही म्हणतोस. एक म्हणजे तुझ्या पोटात काही राहत नाही, संध्याकाळपर्यंत सगळ्या क्लबला कळलं असतं. पण खरं कारण ते नाही. मला लाज वाटत होती. ॲडीच्या खुर्चीत बसते, ॲडीच्या किल्ल्या कमरेला लावते, आणि आता तिचा नवराही मागते, असं तू म्हणशील असं वाटायचं. तू म्हणाला नसतास, हे आता कळतंय. तेवढं मन तुझं चांगलं आहे. त्या मनाला एक घड्याळ बसवून मिळालं असतं तर किती बरं झालं असतं.

आम्ही जातोय. जोसायांचा चुलत भाऊ ऑस्ट्रेलियात आहे, ॲडलेडला, त्याला बंदरावरच्या दुकानात भागीदार हवाय. तिथे मेहुणीशी लग्नाचा कायदा कधीच झालाय. कारखाना विकायला काढला. सप्टेंबरपर्यंत थांबून रेक्टरने बाहेर काढण्याची वाट पाहण्यापेक्षा आम्हीच आधी निघतो. बारा जुलैला प्लिमथहून जहाज. मुलांना मी सहल म्हणून सांगितलंय, पण थोरल्याला कळलंय, तो कुत्र्याला घेऊन माळावर जाऊन बसतो.

निरोपाला यायचं असेल तर ये. मी अजून चिडलेली आहे. तरी ये.

लव्ही

*

लंडन
२० जून

प्रिय लव्ही,

मी येतोय. अकरालाच प्लिमथला येऊन राहीन.

वादविवादाच्या खंडाचे कागद छपाईपूर्वी तपासायला आले होते. छापणारे प्रत्येक सभासदाला त्याचं भाषण दुरुस्तीला पाठवतात. माझे साडेसहा रकाने होते. मी नऊ वर्षं त्याची वाट पाहत होतो हे तुला ठाऊकच आहे, तू तेवढ्यासाठीच माझी टिंगल करतेस. टेबलाशी बसलो आणि आधी तुझा सगळा भाग खोडला. मग ग्रीक खोडले. मग वाचून पाहिलं तर उरलेलंही वाचवेना. आता छापून येईल ते एवढंच: ‘मि. गॅस्कॉइन यांनी विधेयकाला पाठिंबा दिला.’

याने तुझं काही भरून निघत नाही, मला कळतं. वर्तमानपत्रं जी छापून गेली ती गेली. पण त्या खंडात तरी माझ्या बहिणीबद्दल खोटं राहू नये असं वाटलं.

मेबलला समुद्र लागतो का? आलं घातलेली बिस्किटं घेऊन येतो.

हंफ्री

*

ॲडलेड
१९ ऑक्टोबर १८७७

प्रिय हंफ्री,

पोहोचलो. शहाऐंशी दिवस. बिस्किटं केप ऑफ गुड होपच्या आधीच संपली, ती मेबलने नाही, जोसायांनी खाल्ली. इथे ऑक्टोबरात उन्हाळा सुरू होतो, लोक डोळे बारीक करून बोलतात आणि मटण तिन्ही त्रिकाळ खातात. मेबलला आवडलंय. थोरला अजून रुसलेला आहे, पण परवा बंदरावर दोर वळताना मी त्याला हसताना पाहिलं.

मंगळवारी आमचं लग्न झालं. नोंदणी कचेरीत एक कारकून, सर्दीने बेजार, डोकंही वर करत नव्हता. त्याने विचारलं, वधूवरांत काही नातं? चार वर्षं या प्रश्नाची उत्तरं मनात घोकली होती, रेक्टरसाठी, सोफ्रोनिया आत्यासाठी, अख्ख्या पार्लमेंटासाठी. मी म्हटलं, यांची पहिली पत्नी माझी सख्खी बहीण. तो म्हणाला, ‘मग हरकत नाही,’ नाक पुसलं, आणि पुढच्या रकान्यात माझं वय विचारलं.

मी बाहेर आले आणि पायरीवर बसून रडले. जोसाया घाबरले, त्यांना वाटलं मला पश्चात्ताप झाला. पश्चात्ताप कसला! संताप आला होता मला. एका माणसाने नाक पुसत ‘हरकत नाही’ म्हणायला हवं होतं, तेवढ्यासाठी अर्धी पृथ्वी ओलांडावी लागली, आणि ॲडीला तिकडे एकटीला टाकून यावं लागलं. तिच्या थडग्यावरचं गवत आता कोण काढणार? रेक्टरची बायको?

मेबलने विचारलं, आता तुला आई म्हणायचं का. मी म्हटलं, मावशीच म्हण. आई तुझी विदरकोम्बला आहे.

तुझ्यावरचा राग बोटीत बराचसा गेला. पूर्ण गेला असं खोटं कशाला सांगू? तुझे ते खोडलेले रकाने मात्र मी विसरणार नाही, ते तुला किती जड गेलं असेल मला माहीत आहे.

एक काम सांगते, शेवटचं. जूनमध्ये ॲडीकडे जा. गवत काढ. मग तिला सांग की आम्ही लग्न केलं, ते इंग्लंडात होऊ शकलं नाही, का नाही तेही सांग, आणि मुलं कशी आहेत ते सांग. मी निघताना तिला सांगायला गेले होते, पण माझ्या तोंडून शब्द फुटेना. तू सांग. अगदी पहिल्यापासून सांग, हवे तेवढे ग्रीक घाल, संध्याकाळ झाली तरी उठू नकोस. तिला तुझं बोलणं नेहमी आवडायचं.

तुझी बहीण,
लव्हिनिया ट्रेमलेट